अर्धा डबा

घरं रंगवता रंगवता दादाचे डोळे गेले, तेव्हापासून त्याचा जेवणाचा डबा सरकारकडून घरी यायचा. धाकटी बहीण तो उघडायची आणि अर्धाच त्याच्या ताटात वाढायची.

"चिमणे, तू जेवलीस?"

"केव्हाच."

मग आत जाऊन ती उरलेला अर्धा खायची, चमच्याचा आवाज न करता. तिचं इस्त्रीचं दुकान बंद पडल्यापासून तिच्या पोटाची सोय तेवढीच. पहिल्या घासाआधी हात मात्र जोडायची. देवाला सगळं दिसतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. दादाला दिसत नाही, यावर बिचारीचा कारभार चालला होता.

आणि नियम बदलला. डबा घरपोच बंद. अपंग माणसानं स्वतः केंद्रावर यायचं, तिथंच बसून जेवायचं. सोबत येणाऱ्याला फक्त पाणी.

पहिल्याच दिवशी ती त्याला हाताला धरून घेऊन गेली. लांबलचक बाकं, नुकतीच पुसलेली फरशी. वाढणाऱ्या बाईंनी ताट ठेवलं. दादानं सवयीनं बोटांनी चाचपलं, आणि भाताच्या ढिगावर बोटं थबकली.

"बाई, जावई समजून वाढलंत की काय?"

"जास्त कुठलं हो? डब्यात जायचं तेवढंच. मीच तर भरायचे तुमचा डबा."

धरणीनं पोटात घ्यावं असं चिमणीला झालं. दादा सावकाश जेवला, अर्ध्यावर आला आणि ताट तिच्याकडे सरकवलं.

"माझी भूक एवढीच आहे, बाई. सवय झालीये. उरलेलं हिला चालतं."

"सोबतच्यांना द्यायचं नाही म्हणतात," बाई पुटपुटल्या. मग पदराला हात पुसत वळल्या. "मी आत भांडी बघते. इथलं मला काही दिसत नाही."

समोरचे कुबडीवाले आजोबा टक लावून बघत होते. चिमणीचे कान तापले.

"दादा, मला भूक नाही..."

"पुरे आता," तो हळूच म्हणाला. "मी रोज विचारायचो खरा. पण एकदा तरी हात धरून शेजारी बसवलं का तुला? बस."

ती बसली. पहिला घास तिनं बिचकत उचलला. दुसऱ्याला हात आपोआप गेला, तिसऱ्याला तर घाईच झाली.

दादाला दिसत काहीच नव्हतं. तरी तिचं जेवण होईतो तो भिंतीकडे तोंड करून बसला.