काळ्या कापडाचा उजेड

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो. वयाने म्हणाल तर तसा नवाच. माझ्या खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा अजून पिवळी पडलेली नाही. पण माणसं ज्याच्याकडे बघायचं सोडतात ते जुनं, या हिशेबाने मी जुनाच.

एका कारखान्यात मला घडवलं: पाटीएवढा, चौकोनी, पांढऱ्या उजेडाचा. विसरण्याच्या आजारात ज्यांना दिवस कुठला नि रात्र कुठली हेच कळेनासं होतं, त्यांनी सकाळी माझ्यासमोर बसावं, म्हणजे रात्री डोळा लागतो. एवढंच माझं काम.

या घरातल्या आजी पूर्वी लोकांचे कपडे शिवायच्या. आता त्यांना मुलाचं नावही आठवत नव्हतं. रात्रभर त्या दारं उघडत फिरायच्या. मुलगा मेटाकुटीला आला होता. असंच चाललं तर आईला वृद्धांच्या संस्थेत ठेवावं लागेल, असं तो बायकोला ऐकवायचा. दवाखान्यातल्या बाईंनी सुचवलं म्हणून त्याने मला आणलं.

सून पहाटेच कामाला जायची, म्हणून सकाळ मुलाच्या वाट्याला आली. तो टेबलाशी दोन खुर्च्या मांडायचा, मला लावायचा आणि आईबरोबर चहा पीत बसायचा. पहिल्याच दिवशी आजींनी माझा उजेड तळहातावर घेऊन पाहिला आणि मुलाला आपला कारागीर समजून म्हणाल्या, "उजेड बरा आहे. काळं कापड काढा आता."

काळ्यावर काळा दोरा दिवसाउजेडीच दिसतो, हे तेवढं त्या विसरल्या नव्हत्या. मुलाने आपली जुनी काळी पँट पुढे केली. आजी रोज तिची शिवण चाचपायच्या आणि ज्याने शिवली त्याला नावं ठेवायच्या. ती त्यांनीच शिवली होती.

हळूहळू आजी रात्री झोपू लागल्या. पाहुण्यांपुढे मुलगा माझं कौतुक करायचा. म्हणजे स्वतःचंच, मी आपला टेबलावर होतो.

घात झाला तो इथेच. आई झोपू लागली म्हणून मुलालाही झोप लागू लागली, आणि ती इतकी गाढ की सकाळी त्याला उठवेना. दुसरी खुर्ची रिकामी राहू लागली. एकट्या आजी माझ्यासमोर टिकेनात. मग मुलाने सोय पाहिली: संध्याकाळी टीव्ही बघता बघता मला लावायचं.

"अहो, सकाळीच लावा असं त्या बाईंनी बजावलंय," सून म्हणाली.

"उजेड तो उजेड. त्याला कुठे घड्याळ कळतं?"

मला कळत नाही, कबूल. आजींच्या डोळ्यांना कळत होतं. घरातली जेवणं आटोपली की त्यांचा कामाचा दिवस सुरू व्हायचा. काळं कापड शोधत त्या रात्रभर कपाटं उपसायच्या. सून म्हणायची, सकाळी लावून बघा. मुलगा म्हणायचा, सोमवारपासून. सोमवार बरेच येऊन गेले. शेवटी दिवाच भिकार निघाला असं ठरलं, आणि आजी संस्थेत गेल्या.

आता मला पुन्हा काम मिळालं आहे. आजींचं शिलाई मशीन विकायचं आहे. त्याचे फोटो माझ्या उजेडात काढले. फारच सुरेख आले म्हणे. ते चालू असतानाच संस्थेचा फोन आला.

"गोळी देतात तिला. आता दिवसासुद्धा झोपते," मुलगा खुशीत म्हणाला. "झालं ना चांगलं?"

सुनेने मशीन पुसायचं फडकं बाजूला ठेवलं. मग तिने विचारलं, "जागं झाल्यावर काय म्हणतात त्या?"

"काही नाही. उजाडलं का, एवढंच विचारते."

मित्रांनो, तुमच्या घरी माझं एखादं भावंड आलं, तर त्याला पुसलं नाहीत तरी चालेल. धुळीचं आम्हाला काही वाटत नाही. फक्त सकाळी खुर्च्या दोन मांडा, आणि दुसऱ्या खुर्चीत बसा. इथली दुसरी खुर्ची मशीनबरोबर फुकट द्यायचं ठरलं आहे.