उद्यासाहेबांची शाई

रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात एकतीस वर्षं काढलेल्या त्या गृहस्थांना सगळे 'उद्यासाहेब' म्हणत. कागद मागायला आलेल्या माणसाला त्यांनी कधी 'नाही' म्हटलं नाही. 'उद्या या' म्हटलं. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी ते स्वतःच त्या खिडकीपुढे उभे राहिले. सोबत बायको.

तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन परवा दुसऱ्या रुग्णालयात होतं. पूर्वी इथं झालेल्या ऑपरेशनात भुलीच्या कुठल्याशा औषधानं ती मरता मरता वाचली होती. कुठल्या, ते फक्त जुन्या फायलीत होतं. आणि ते कळल्याखेरीज भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई सुईला हात लावणार नव्हत्या.

खिडकीत उद्यासाहेबांचाच चेला.

"साहेब, तुम्ही! काकू, बसा ना. फाइल? मिळेल की. उद्या या."

"अरे, मलाही उद्याच?"

"तुमचीच शिकवण, साहेब."

"कागद माझे आहेत," बायको म्हणाली. "त्यांची प्रत मिळायचा मला हक्क आहे. हा अर्ज, ही सही. पोच दे."

"दिली असती हो काकू," चेल्यानं दुखवट्याला आल्यासारखा चेहरा केला, "पण शिक्क्याचं पॅड सुकलंय."

उद्यासाहेबांनी मान खाली घातली. ते पॅड सुकवायची युक्ती त्यांचीच. पोचेवर शिक्का बसला की मुदत सुरू होते, मुदत टळली की वरून विचारणा होते. म्हणून ते रोज सकाळी पॅड उघडून पंख्याखाली ठेवत, पापड वाळवावेत तसं.

बायकोनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खिशातून, घरून आठवणीनं आणलेली शाईची बाटली काढली.

"साहेब!" चेला कळवळला. "तुम्हीच घरभेदी?"

"बायको माझी आहे रे. ओत."

शिक्का उमटला. चेला अर्जाकडे विंचवाकडे पाहावं तसा पाहत उठला आणि न सापडणाऱ्या फायलींच्या कपाटाकडे डोळे मिटून गेला. पंधरा मिनिटांत प्रती हातात. औषधाचं नाव तिसऱ्या पानावर, खाली दोन रेघा मारलेलं.

बायकोनं तिथूनच फोनवर ते वाचून दाखवलं. "बरं झालं मिळालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे सोडून दुसरं देऊ. परवा बिनघोर या."

उद्यासाहेब मटकन बाकावर बसले. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी उठून खिडकीतली बाटली खिशात टाकली.

"अहो, ती कुठं नेताय?" बायको म्हणाली. "मागं रांग बघा."

त्यांनी बाटली परत खिडकीत ठेवली. पुढच्या बाईनं झाकण उघडलंसुद्धा.