बुवांनी दिलेला दृष्टांत

तुळिंजच्या सप्ताहात त्या दिवशी बुवांचं जेवण सुधाकरकडे होतं. पोळीवर तूप वाढता वाढता त्याने मनातलं सांगून टाकलं. "बुवा, आमचा सिद्धेश इंजिनिअरिंगला. दोन वर्षं एकाच वर्गात अडकलाय. दिवसभर सायबर कॅफेत गेम खेळतो. लहानपणापासून तुमच्या कीर्तनाला बसतो, तुमचं ऐकेल."

कीर्तनाने माणूस वळणावर येतो अशी सुधाकरची श्रद्धा, आणि ती काही खोटी नाही.

"सांगतो. पण नाव नाही घेणार," बुवा म्हणाले.

नाव त्यांनी खरंच घेतलं नाही. संध्याकाळी पांडवांच्या द्यूताचा प्रसंग असा गायले, की टाळकऱ्यांत उभ्या सुधाकरचे डोळे भरून आले. मग बुवा थांबले. "द्वापारात फासे होते, आता कॉम्प्युटर आलाय. आज मी जिथे जेवलो ना, त्या घरचे युवराज दिवसभर बंदूक चालवतात. आणि परीक्षेत? परीक्षेत शहीद."

मंडप हसला. बुवा कुणाकडे जेवणार ते सकाळीच माइकवरून सांगितलेलं. सगळ्या माना खांबाशी बसलेल्या सिद्धेशकडे वळल्या. तोही हसला, हसायला हवं म्हणून. लगेच विठ्ठलनामाचा गजर सुरू झाला. सुधाकरचे हात सवयीने टाळ वाजवत राहिले, पोराच्या फजितीला बापानेच ठेका धरावा तसे.

घरी आल्यावर बायकोने, मीराने, विचारलं, "तुम्हीच सांगितलंत ना?"

"म्हटलं, बुवांचं तरी ऐकेल."

"आणि त्याचं कोण ऐकणार?" ती स्वयंपाकघरात निघून गेली.

सिद्धेश गॅलरीत उभा होता. सुधाकर त्याच्याजवळ गेला. "सिद्धू, चुकलं माझं."

 तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "तोंडी परीक्षेत मला उत्तर येत असतं, बाबा. पण हात कापायला लागतात, छाती धडधडते. उठून बाहेर येतो. गेम खेळताना तसं होत नाही. म्हणून जातो."

"आम्हाला का नाही बोललास?"

"बोललो असतो तर बुवांना कळलं असतं."

सुधाकरला वर बघवेना. "उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो."

"उद्या काल्याचं कीर्तन आहे. तुम्ही पहिल्या रांगेत असता."

"टाळ वाजवायला माणसं आहेत."

सिद्धेशने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "आईला सांगा," तो म्हणाला. "बाकी कुणाला नको."

सुधाकरने मान डोलावली.