रुळाकाठचं दुसरं घर

चाकं काढलेल्या मालडब्याच्या मधोमध थोरलीने दोरी ताणली आणि तिच्यावर चादर टाकली.

"आजपासून पलीकडे तुझा संसार, अलीकडे माझा," ती धाकट्या जावेला म्हणाली.

रूळ टाकणाऱ्या टोळीतल्या दोघा भावांना राहायला हा एकच डबा मिळाला होता. भाऊ एका पहारीवर मिळून जोर लावत. त्यांच्या बायकांमध्ये मात्र विस्तव जात नव्हता. मीठ जास्त पडलं तरी भांडण, कमी पडलं तरी भांडण.

मग महिन्याभरात टोळी पुढे हलणार असं ठरलं. रुळांच्या देखभालीला इथे दोन माणसं ठेवायची होती. थोरल्याने लगेच हात वर केला. धाकटा डोकं खाजवत म्हणाला, "घरी विचारून सांगतो."

मुकादम हसला. "तुमच्या घरचं मला माझ्या तंबूत ऐकू येतं. तू आपला पुढे चल बाबा, सुखी होशील."

थोरलीला बरंच वाटलं. आता राहायचंच, तर डबा नको, घर हवं. माळावर रुळांखालचे टाकाऊ लाकडी स्लीपर पडले होते. पुरुष कामावर गेले की ती एकटीच ते ओढून आणू लागली. पहिला कसाबसा आला. दुसरा हलेना. तिने दात-ओठ खाऊन हिसका दिला, तसा तो एकदम हलका झाला. वळून पाहते, तर दुसरं टोक धाकटीने उचललेलं.

बोलणं कामापुरतंच. "जरा डावीकडे", "हं, टेकव", एवढंच. माती तुडवली, भिंती लिंपल्या, पत्रे चढवले. एकदा पत्रा निसटून दोघींच्या मधोमध दाणकन आदळला, तेव्हा मात्र दोघी पोट धरधरून हसल्या, आणि लगेच पुन्हा पत्रा उचलायला वाकल्या.

घर उभं राहिलं. मुकादमाने धाकट्याला संध्याकाळपर्यंत काय ते सांगायला बजावलं. धाकटी डब्यात बोचकी बांधायला बसली.

थोरली काठी घेऊन बाहेर आली. नव्या घरासमोर, बऱ्याच अंतरावर, तिने मातीत लांब रेघ ओढली. मग तिला जोडून दुसरी. धाकटी बोचकं घेऊन दारात आली.

"हे काय, जाऊबाई? गोठा?"

"घर."

"कुणाचं?"

थोरलीने तिसरी रेघ ओढली. "तू गेलीस तर मी भांडू कुणाशी? रुळांशी?"

धाकटीने बोचकं खाली ठेवलं. थोरलीच्या हातातून काठी घेतली, पहिली रेघ पायाने पुसली आणि चार पावलं अलीकडे, थोरलीच्या घराजवळ, नवी ओढली.

"तेवढ्या लांबून ओरडायचं म्हणजे घसा बसेल," ती म्हणाली.

पुढे स्टेशन झालं, दुकानं आली, वस्तीचं गाव झालं. त्या दोन घरांमधली सगळ्यात जुनी गल्ली मात्र अजून अरुंदच आहे. समोरून कुणी आलं की अंग चोरून, दोन शब्द बोलूनच पुढे जावं लागतं.