कसरीने खाल्लेलं नाव

"पाय आखडले, बाई. नाव उमटायचं तर उमटू दे एकदाचं," ग्रंथालयाचा शिपाई पुस्तकं बांधणाऱ्या बाईंडरबाईंच्या कानाशी कुरकुरला.

वाचनदालनात मुंगीला जागा नव्हती. काळ्या कोटातली पोरं श्वास रोखून उभी. महाविद्यालयाचं गुप्त मंडळ ते. गुप्त इतकंच, की सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचे अध्यक्ष असलेले प्राध्यापक जाडजूड ग्रंथाच्या कोऱ्या पानावर तपकिरी मंत्रजल शिंपडत होते.

"आम्ही निवडत नाही! ग्रंथ निवडतो! कागद आत्मा ओळखतो!"

"मग हजेरीही त्यालाच घ्यायला सांगा," शिपाई पुटपुटला.

निळीकाळी अक्षरं उमटली. विश्वस्तांचा नातू! टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाईंडरबाईंची भाचीही टाळ्या वाजवत होती, हात दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे. निवडीआधीचा नेम म्हणून तीन दिवस उपाशी, आणि हे तिसरं वर्ष. चेहऱ्यावर ना रडू, ना राग.

"परीक्षेचा फॉर्म भरलास? आज शेवटचा दिवस. पाचला खिडकी बंद होते."

"मंडळात निवडलेल्यांनी परीक्षा द्यायची नसते, मावशी. पुढच्या वर्षी येईल माझं नाव."

शिवण उसवलेला ग्रंथ दुरुस्तीसाठी दालनाच्या कोपऱ्यातल्या बाईंच्याच टेबलावर आला. त्यांनी पुढचं कोरं पान उलटलं. कागद कुरतडणारी कसर लागली होती. पण कसर इतकी वळणदार खाते?

कसर चिकटवायची पिठाची खळ खाते. म्हणून बाई खळीत विषारी मोरचूद घालत. बिनमोरचुदाची एकच बरणी दोन वर्षांपूर्वी प्राध्यापकांनी मागून नेली होती; पाकिटं चिकटवायला म्हणे.

त्यांनी पातळ खळीने चिठोऱ्यावर भाचीचं नाव लिहिलं, वाळवलं, प्रथमोपचार पेटीतलं तपकिरी आयोडीन फिरवलं. नाव निळंकाळं उठलं. पोरं गोळा झाली.

"स्टार्चवर आयोडीन. शाळेत बटाट्यावर करतात. घरी करून बघा, कुणाचंही नाव येईल. पारखल्याशिवाय मानू नका, एवढंच सांगते."

"हा ग्रंथाचा अपमान आहे!" प्राध्यापक गरजले.

"तो कसरीने केलाय, सर. पुढच्या वर्षीचं नाव तिने आधीच खाल्लंय."

बाईंनी पान खिडकीसमोर धरलं. कुरतडलेल्या अक्षरांतून उजेड आला. नाव, आडनाव, सगळ्यांनी वाचलं. मोठ्याने कुणीच नाही. जो तो आपल्या बुटांकडे बघू लागला.

"किती वाजले, मावशी?" भाचीने विचारलं.

"साडेचार."

तिने बाईंच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि प्राध्यापकांकडे वळली.

"हा तुमचा मुलगा, सर. अजून शाळेत आहे," ती सपाट आवाजात म्हणाली. "आम्ही कितीही उपाशी राहिलो तरी आमची नावं येणारच नव्हती."