खडूची खूण

"बर्फात चेंडू कोनं टाकले?"

मांडवात कोणी मान वर केली नाही. फुटबॉलच्या सामन्याचं मध्यंतर झालं होतं. अमरावतीचे खेळाडू डोक्यावर पाणी ओतून घेत होते. जानराव नुकताच बर्फाची दुसरी लादी घेऊन आला होता. ती टबात टाकायला त्याने पाण्याच्या बाटल्या बाजूला सारल्या, तर खाली तीन चेंडू दाबून ठेवलेले. तिन्हींवरची त्याची खडूची खूण अर्धी धुतली गेली होती.

"मी इचारून राहिलो, कोनं टाकले?"

"मी टाकाले लावले," शेखर म्हणाला. तो क्लबचा मॅनेजर. "उनात तापले होते. काय बिघडलं?"

जानरावने एक चेंडू उचलला आणि अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

एसटीच्या डेपोत तो एकतीस वर्षं टायरवर होता. तिथली रीत अशी की ज्यानं टायर तपासला त्यानं त्यावर खडूनं खूण करायची. रस्त्यात टायर फुटला तर पहिलं विचारत, खूण कोणाची? निवृत्त झाल्यावर क्लबानं त्याला चेंडू सांभाळायला ठेवलं. इथेही तो तेच करायचा. हवा भरायची, अंगठ्यानं पाहायचं, हवा मोजायचा गेज लावायचा आणि मगच खूण.

आज दुपारी त्याने सगळे चेंडू अकरा पौंडावर भरून सावलीत ठेवले होते. नियम साडेआठ ते साडेपंधराचा. तेवढ्यात शेखरनं त्याला दुसऱ्या लादीसाठी पुन्हा बर्फाच्या कारखान्यात पिटाळलं. आता त्याला सगळं दिसलं. तो गेल्यावर चेंडू टिनाच्या पत्र्यावर उन्हात तापत ठेवले असणार. तापल्यावर हवा थोडी सोडून नियमात जेमतेम बसेल एवढी ठेवली असणार. पंचानं गरम चेंडू मोजले असणार, नियमात भरले, पास केले. आणि मग बर्फ. आठवडाभर शेखर आपल्या पोरांच्या सरावाला ढिले चेंडू मागत होता, ते कशाला हे आता कळलं. अकोल्याच्या संघात प्रीतम नावाचा पोरगा होता, तीस यार्डांवरून गोलात मारणारा. ढिला चेंडू तेवढा जात नाही. पहिल्या हाफमध्ये त्याच्या दोन किका मध्येच पडल्या आणि अमरावती एकानं पुढे आहे, हे जानरावने फाटकातून येतानाच ऐकलं होतं.

"शेखरभाऊ, हे लबाडी होय."

"कायची लबाडी? आता हवा काढली का कोनं? बर्फात चेंडू ठेवू नका, असं नियमात लिवलं हाय? दाखवा मले."

"पंचानं गरम चेंडू मोजले."

"मंग मोजाचे थंडे! त्याले कोनं रोकलं होतं?" शेखर हसला. "आन् ही अक्कल कोनाची जी, काका? तुमीच नाई का सांगत होते, टायर गरम असला का गेज खोटं बोलते म्हणून?"

दोघं-तिघं खेळाडू हसले. जानरावचे कान तापले. महिन्यापूर्वी सरावानंतर चहा पिताना त्याने हे सांगितलं होतं. कोणी ऐकत होतं म्हणून जरा फुशारकीनंच सांगितलं होतं. घरी आता ऐकायला कोणी नव्हतं. जाईबाईला जाऊन चार महिने झाले होते.

"मी पंचाले सांगतो," तो म्हणाला.

शेखरचा आवाज बदलला. "सांगा. आन् मंग उद्यापासून घरीच बसा. तसं घरी कोन हाय वाट पाहाले?"

आता कोणी हसलं नाही. जानराव हातातल्या चेंडूकडे पाहत राहिला. अंगठ्याचा खळगा हळूहळू भरत होता.

जाईबाईच्या सुजलेल्या पायावर असाच खळगा पडायचा. शेवटच्या महिन्यात तिला चालवत नव्हतं. तो तिला सायकलच्या कॅरियरवर बसवायचा आणि एका हातानं हँडल, एका हातानं तिला धरून पायी पायी दवाखान्यात न्यायचा. तिथं रक्तदाब मोजायला दंडाला मशीनचा पट्टा बांधत, आकडे चांगले येत. घरी आल्यावर तो तिच्या नडगीवर अंगठा दाबून पाही. खळगा पडे आणि राही. ती म्हणायची, "मले काही बरं वाटत नाई बाप्पा." तो म्हणायचा, "मशीन काय खोटं बोलते?" एकतीस वर्षं अंगठ्यावर भरवसा ठेवणाऱ्या माणसानं तेवढ्याच वेळी मशीनवर ठेवला. मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं राहून गेलं.

त्याने चेंडू काखेत घेतला आणि तो पंचांच्या खुर्चीकडे चालू लागला.

"ओ काका! ओ बुढ्या!" मागून कोणीतरी ओरडलं.

पंच खुशालराव यवतमाळचे. लिंबूपाणी पीत होते. "आता काय झालं, जानराव? मी तपासले ना चेंडू. नऊ भरले."

"तव्हा गरम होते. आता मोजा."

खुशालरावांनी आधी अंगठा लावला आणि त्यांचं तोंड उतरलं. मग गेज लावला. साडेपाच. तोवर शेखर धावत आला होता.

"साहेब, त्याईचं मनावर नका घेऊ. बायको गेल्यापासून डोकं ठिकानावर नाई त्याईचं."

"डोक्याचं राहू द्या. हे साडेपाच कसे झाले?"

"थंडा झाला चेंडू. हवा तेवढीच हाय. आन् दोनी टीम त्याच चेंडूनं खेळून राहिल्या, मंग चीटिंग कायची? थंडा करनं गुन्हा हाय का?"

खुशालरावांनी गेज खिशात टाकला. "ते कमिटी पाहीन. मले भरलेले चेंडू पाहिजे." मग त्यांनी चेंडू फिरवला. "हे खूण कोनाची?"

"माही," जानराव म्हणाला.

"मंग रिपोर्टात तुमचं नाव जाईन. मले दुसरं कोनाचं लिवता येत नाई."

जानरावने शेखरकडे पाहिलं. शेखर बुटाची लेस बांधायला खाली वाकला होता.

"लिवा," जानराव म्हणाला.

त्याने कडुनिंबाखाली बसून चेंडू पुन्हा अकरा पौंडावर भरले. नवी खूण केली. मागच्या पायऱ्यांवरून लोक त्याला शिव्या देत होते. फितूर, म्हणत होते. अकोल्याकडून किती घेतले, विचारत होते. एक पाण्याची बाटली त्याच्या पाठीला लागली. त्याने वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या हाफमध्ये प्रीतमनं दोन गोल केले. दुसरा तर असा लांबून की अमरावतीच्या गोलकीपरनं हातसुद्धा हलवला नाही. अकोला जिंकलं. जिंकेल तो संघ वरच्या लीगमध्ये जाणार होता; तेच गेले.

प्रीतम त्याच्यासमोरूनच बाहेर चालला होता. जानराव उभा राहिला. पोरगा निदान मान हलवेल असं त्याला वाटलं असावं.

"पयल्या हाफमदी पब्लिक माह्यावर हासून राहिली होती," प्रीतम म्हणाला. "तव्हा कुठं होता बे बुढ्या?"

"बर्फ आनाले गेलतो."

प्रीतमच्या मागचे सगळे खो-खो हसले. "ऐकलं का? बर्फ आनाले!" एकजण त्याच्या चपलेजवळ थुंकून गेला.

मांडवात शेखर हात पुढे करून उभा होता. "चेंडूच्या खोलीची किल्ली."

जानरावने किल्ली दिली.

"टी-शर्ट."

"घामाचा हाय. धुऊन आनून देतो."

"काढा म्हणलं ना. क्लबाचा हाय तो."

जानरावने टी-शर्ट काढला. सगळ्यांसमोर त्याची नीट घडी घातली, बाह्या आत दुमडल्या आणि टेबलावर ठेवली. पंप तेवढा उचलला. तो त्याचा स्वतःचा होता.

फाटकाबाहेर त्याची सायकल भिंतीला टेकून होती. दोन्ही टायर रिमवर बसले होते. त्याने वाकून पाहिलं. नुसती हवा काढली नव्हती, व्हॉल्व्हही कोणीतरी काढून नेले होते. आता पंपाचा उपयोग नव्हता. तो कॅरियरला बांधावा म्हणून त्याने दोरी सोडली, मग पुन्हा होती तशी गुंडाळून ठेवली आणि पंप खांद्याला अडकवला.

ऊन उतरलं होतं. वलगाव रोडनं तो बनियनवर निघाला. एक हात हँडलवर होता, दुसरा रिकाम्या कॅरियरवर. समोर रस्त्यावर फोडलेल्या दगडांची गिट्टी पसरलेली दिसली तेव्हा त्याने सायकल कडेला घेतली. धक्का बसू नये म्हणून.