रविवारचा ताप

आमच्या आयोगात माझं काम बोलण्याचं. आपसात ठरवून भाव चढवणाऱ्या कंपन्यांना आमचा आयोग पकडतो, आणि अशा कंपन्या हल्ली एका देशात मावत नाहीत. म्हणून बाहेरच्या आयोगांशी पत्रं, फोन, परवानग्या हे सगळं माझ्या गळ्यात. बाहेरच्या एका आयोगातल्या बाईंशी सात वर्षांत इतकी गट्टी जमली, की त्यांच्या लेकीचे निकाल त्यांच्या नवऱ्याआधी मला कळायचे. प्रत्यक्ष भेट मात्र एकदाही नाही.

त्या बुधवारी बाईंची फाइल आली. सलाइनच्या पिशव्या बनवणाऱ्या तीन देशांतल्या तीन कंपन्यांनी कुठल्या हॉस्पिटलचं टेंडर कोणी घ्यायचं हे वाटून घेतलं होतं. मंगळवारी तिन्हीकडे एकाच वेळी छापा घालायचा, आमच्याकडे सकाळी नऊला. एक दार पाच मिनिटं आधी उघडलं तरी फोन जातो आणि उरलेल्या दोन दारांमागे कागद शिल्लक राहत नाही. चौथ्या पानावर आमच्याकडच्या कंपनीचं नाव होतं आणि त्याखाली विक्रीप्रमुखाचं. विक्रीप्रमुख म्हणजे माझा दादा.

आधी संताप आला. आई शेवटचा महिना हॉस्पिटलात होती, तिच्या उशाशी लटकायच्या त्या पिशव्या याच. दादा तिचे पाय चेपत बसायचा आणि वर कधी बघायचा नाही. मग तशीच उठून साहेबांसमोर उभी राहिले आणि नातं सांगून टाकलं. साहेबांनी फाइल काढून घेतली, पण डोक्यातला मंगळवार कसा काढून घेणार?

"घरी नेहमीसारख्या राहा," ते म्हणाले. "एक शब्द नको."

शब्द मी काढला नाही. त्या बाबतीत मी दगड आहे. पण दर रविवारी मी दादाकडे जेवायला जाते. तो मला अजून दुसरीतली समजून ताटात वाढत राहणार आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत जेवणार, हे काही जमेना. माझ्या चेहऱ्यावर सगळं छापून येतं. रविवारी सकाळी वहिनीला मेसेज टाकला, ताप आहे, येत नाही. आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दिवसभर घरात बसले.

मंगळवारी तिन्ही दारं एकाच वेळी उघडली. तिन्हीकडे कागद जागच्या जागी सापडले. बाईंचा फोन आला, आनंद आवाजात मावत नव्हता. मला वाटलं, सुटले.

दुपारी साहेबांनी बोलावलं. आमची माणसं दादाच्या केबिनमध्ये शिरली, तेव्हा तिथे पाच-सहा जादा खुर्च्या मांडून ठेवलेल्या होत्या. टेबलावर सगळ्या कपाटांच्या किल्ल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. पासवर्डसुद्धा लिहून ठेवलेला. दादाचा शिपाई म्हणाला, सोमवारपासून आमचे साहेब असेच बसलेत.

"तो आपली वाट बघत होता," साहेब म्हणाले. "त्याला कळलं कसं?"

मी काही बोलले नाही, हे मी तीनदा सांगितलं. माझा विश्वास आहे, असं ते एकदाच म्हणाले. पण बातमी आमच्याकडून फुटली असावी, हे बाहेरच्या दोन्ही आयोगांना कळवणं त्यांना भाग होतं. अशी पत्रं नेहमी मी लिहिते. हे त्यांनी स्वतः लिहिलं आणि चौकशी संपेपर्यंत मला घरी बसायला सांगितलं. तासाभरात बाईंना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. सात वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दादाला भेटायला मला मनाई होती. भेटले. दारातूनच विचारलं, तुला कोणी सांगितलं?

"तूच," दादा म्हणाला. "तुला ताप आला की तू मला फोन करतेस. शाळेपासून. वहिनीला कळवलंस तेव्हाच म्हटलं, ही मला तोंड दाखवत नाही, म्हणजे माझंच काहीतरी हिच्या टेबलावर आलंय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय."

वहिनी आत रडत होती, ते बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. मी हिशोब केला. रविवार दुपार, आख्खा सोमवार. एवढ्या वेळात कपाटं रिकामी करता आली असती. बाकीच्या दोन देशांत एकेक फोन केला असता तरी पुरे होता.

"मग का नाही केलंस?"

"एक कागद जरी हलला असता, तरी बोट तुझ्याकडे वळलं असतं," तो म्हणाला. "म्हणून कशाला हात लावला नाही. उलट किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधल्या, कोणाला शोधायला नको." मग मला आत घेत, "माझं मी भोगीन, भोगायलाच हवं. पण तुला तर काही झालं नाही ना?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. रविवारी जमलं नव्हतं, ते आता जमवलं.

"नाही दादा," मी म्हटलं. "मला काय होतंय."